वेस्ट कोलफॅक्सचे यिडिश इस्पितळ

1904 सालच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला, उघड्या माळावर, लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून काही तंबू उभे राहिले. त्यांत सात क्षयरोगी दाखल झाले. इस्पितळाचे नाव मात्र भारदस्त होते: ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी. ते काढणारे होते पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू कामगार, आणि त्यांतल्या कित्येकांना स्वतःलाच क्षय होता.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचे जंतू शोधले, पण त्यावर औषध सापडायला आणखी साठ वर्षे जायची होती. तोवर डॉक्टरांच्या हाती होते ते एवढेच: विश्रांती, दूध-अंडी, ऊन आणि कोरडी, उंचावरची हवा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंचीवर, शिवाय रेल्वेची सोय. त्यामुळे देशभरातले क्षयरोगी तिथे येऊन थडकत. त्यांत न्यूयॉर्कच्या कोंदट शिवणखोल्यांत दिवसरात्र राबलेले ज्यू शिंपी पुष्कळ. खोकणाऱ्या भाडेकरूला कोणी खोली देत नसे. कित्येकांनी रस्त्यावरच प्राण सोडले.

हे हाल पाहून फ्रान्सिस जेकब्स या समाजसेविकेने इस्पितळासाठी चळवळ केली. इमारत बांधून झाली, पण 1893 मध्ये चांदीचे भाव कोसळले, कोलोरॅडोचे अर्थकारण बसले आणि इमारत सहा वर्षे रिकामी पडून राहिली. नॅशनल ज्यूइश इस्पितळ उघडले ते 1899 च्या डिसेंबरात. उपचार मोफत, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला. अट एकच, पण जीवघेणी: आजार सुरुवातीच्या अवस्थेत हवा. खाटा मोजक्या असल्याने त्या बरे होऊ शकणाऱ्यांनाच द्याव्यात, असा हिशेब होता. तो चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्याचे फुप्फुस अर्धे गेले आहे, त्याने जायचे कुठे? शिवाय इस्पितळाचे चालक जर्मन वंशाचे, अमेरिकेत मुरलेले ज्यू. तिथला स्वयंपाक कोशर नसे, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारा नसे. सोवळे पाळणाऱ्या रुग्णाला तिथले ताट पुढे ओढणे जड जाई.

नाकारलेल्यांना आधार होता तो वेस्ट कोलफॅक्स वस्तीचा. 1882 मध्ये रशियातून आलेल्या काही ज्यू कुटुंबांनी कोलोरॅडोतल्याच कोटोपाक्सी येथे शेती करून पाहिली. जमीन खडकाळ, पीक हाती लागेना. दोन वर्षांत वसाहत मोडली आणि त्यांतली अनेक कुटुंबे डेन्व्हरच्या या भागात आली. नंतर येणाऱ्यांची भर पडत गेली. बेकऱ्या, कोशर खाटीक, सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, आणि रस्ताभर यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा.

याच लोकांतून तंबूंचे ते नवे इस्पितळ उभे राहिले. डॉ. चार्ल्स स्पिव्हाक हे त्याचा प्राण होते. रशियातून येऊन त्यांनी आधी मजुरी केली, मग वैद्यकाची पदवी घेतली. 1904 पासून 1927 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते संस्थेचे सचिव होते. इथे आजाराची कुठलीही अवस्था चाले, अगदी शेवटचीसुद्धा. स्वयंपाकघर कोशर होते आणि यिडिश ही घरचीच भाषा. पैसा देशभरातल्या कामगारांच्या लहान-लहान देणग्यांतून येई. पुढे स्वतःची दुग्धशाळा, छापखाना, सिनेगॉग आणि ‘स्पिव्हाक’ नावाचे टपाल कार्यालयही झाले. यिडिश कवी येहोआश क्षयावर उपचारासाठी डेन्व्हरला आले होते. त्यांनी आणि स्पिव्हाक यांनी मिळून यिडिशमधल्या हिब्रू शब्दांचा कोश केला, तो 1911 मध्ये निघाला. मरणाच्या दारातल्या माणसाला भाषा, ग्रंथ आणि आपल्या चवीचे जेवण लागतेच, हे या संस्थेने ओळखले. तिचे खरे मोठेपण औषधोपचाराइतकेच यात आहे.

वस्तीतल्या एका स्वयंपाकघरात तर इतिहास घडत होता. शेना कॉर्नगोल्ड क्षयाच्या उपचारासाठी डेन्व्हरला आली आणि ज्युलियन स्ट्रीटवर संसार थाटून राहिली. पुढे शिकू न देणाऱ्या आईवडिलांना न सांगता तिची चौदा वर्षांची बहीण 1913 मध्ये मिलवॉकीहून तिच्याकडे पळून आली. शाळा सुटल्यावर मेहुण्याच्या कपडे धुण्याच्या दुकानात ती इस्त्री करी. संध्याकाळी घरात तरुणांचा अड्डा जमे आणि चहाबरोबर समाजवाद, अराज्यवाद आणि झायोनिझम, म्हणजे ज्यूंच्या स्वतःच्या मायदेशाची चळवळ, यांवर वाद रंगत. ती कोपऱ्यात बसून ऐके. भावी नवरा मॉरिस मेयर्सन तिला भेटला तोही इथेच. 1969 मध्ये इस्राएलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर त्या याच.

1943 मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध वेगळे काढले. वाक्समन स्वतः युक्रेनमधून आलेले ज्यू. औषध आले तशी सॅनेटोरियमची गरज सरली. कामगारांचे इस्पितळ 1954 मध्ये कर्करोगाकडे वळले. त्याच्या आवारात पुढे कला महाविद्यालय आले. नॅशनल ज्यूइश आजही श्वसनविकारांवरचे नामांकित इस्पितळ आहे. वेस्ट कोलफॅक्समध्ये 1967 पासून एक येशिवा, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची शाळा, चालते आणि तिच्याभोवती सनातनी ज्यू कुटुंबे अजून नांदताहेत.