धावपळीच्या दिवसात चालणे आणि ताकदीचा व्यायाम : दोन्ही कसे जमवावे?

"दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न अजिंठा-सिल्लोड भागात नेहमी ऐकू येतो. लेण्यांजवळ दुकान असणारे म्हणतात, "सकाळी निघतो ते संध्याकाळी येतो, वेळ कुठे आहे?" दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्यातून मार्ग निघतो.

कष्ट आणि व्यायाम एकच नाहीत

कापूस वेचताना पाठ, कंबर भरून येते, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही. शिवाय शेतीचे काम हंगामी असते. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि शेतात जाणे मोटारसायकलवर. दुकानदार तर बहुतेक वेळ बसूनच असतो.

दोन्ही व्यायाम का हवेत?

भरभर चालणे, सायकल यांमुळे हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढते, रक्तदाब कमी व्हायला मदत होते. ताकदीच्या व्यायामाने स्नायू टिकतात. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात, म्हणून मधुमेहात स्नायू सांभाळणे महत्त्वाचे. वय वाढते तसे स्नायू घटतात. मग जमिनीवरून उठणे जड जाते आणि पडण्याचा धोका वाढतो. नुसते चालून ही झीज पुरेशी थांबत नाही.

किती करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ही मिनिटे सलग असण्याची गरज नाही.

आठवडा असा बसवा

- 5 दिवस चालणे : सकाळी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर 10-10 मिनिटे भरभर चाला. दिवसाचे 30, आठवड्याचे 150 झाले. जेवणानंतर चालल्याने साखर कमी चढते.
- 2 दिवस ताकद, 20-20 मिनिटे : खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलणे. प्रत्येकी 10 ते 12 वेळा, 2 फेऱ्या. सोपे वाटू लागले की वजन वाढवा. मध्ये किमान एक दिवस सोडा. सोमवारी लेणी बंद असतात. तिथल्या दुकानदारांनी सोमवार आणि गुरुवार धरावा.
- वेळ फारच कमी असेल तर सूर्यनमस्कार : अजिंठ्याच्या लेण्यांवर पुस्तक लिहिणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. हात, खांदे, पोट यांना ताकद मिळते. जलद घातल्यास दमही वाढतो. पायांसाठी सोबत बैठका माराव्यात.

दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर आधी 5 मिनिटे सावकाश चाला. पुढचा क्रम सोयीने ठेवा. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधीच उरका.

काळजी कोणी घ्यावी?

- वजन उचलताना श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम वाढतो.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. घाम, थरथर, गरगर जाणवली की थांबून लगेच खा.
- मधुमेहींनी अनवाणी चालू नये. रोज तळपाय तपासावेत.
- हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा मणक्याचे दुखणे असेल तर सूर्यनमस्कार आणि वजने सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर आली तर व्यायाम थांबवा. 108 ला फोन करा, घरी थांबून वाट पाहू नका.

पहिल्या आठवड्यात सगळे जमले नाही तरी चालेल. रात्रीच्या जेवणानंतरची 10 मिनिटे आणि 10 उठबशा यांपासून सुरुवात करा. घरातले एक माणूस सोबत घेतले तर खंड कमी पडतो.