दहा हजारांचा पाढा

रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. सबमिशन अर्धं बाकी असतं आणि तुमचा रूममेट हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत असतो. ‘काय रे, टेन्शन आलंय का?’ असं विचारलं तर तो मनगट पुढे करतो. ‘९,६४० झालेत. ३६० राहिलेत. बाराच्या आत उडवतो!’ असा एक नमुना प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. कदाचित तो तुम्हीच असाल.

त्याला एकच प्रश्न विचारा, दहा हजारच का? ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ असं उत्तर येईल. पण या आकड्याची सुरुवात दवाखान्यात नाही, दुकानात झाली. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झालं आणि जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलं. १९६५ मध्ये तिथे कमरेला लावायचं, पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. नाव होतं ‘मान्पो-केई’. अर्थ सरळ आहे, दहा हजार पावलं मोजणारा मीटर. गोल आकडा, तोंडात बसणारा. तो जगभर गेला आणि आज तुमच्या घड्याळात येऊन बसला.

मग खरंच किती चालायचं? हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६,७४१ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय होतं ७२. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पुढे ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. ‘या तर आज्ज्या झाल्या, आमचं काय?’ असं म्हणाल. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठीच्या आतल्यांसाठी हा टप्पा ८,००० ते १०,००० च्या दरम्यान निघाला. म्हणजे दहा हजार हा आकडा अगदीच खोटा नाही. पण तो पासिंगचा आकडाही नाही. ९,६४० ला कोणी नापास होत नाही आणि ३,००० वरून ५,००० वर जाणाऱ्यालाही भरपूर मिळतं.

आता त्या बँडच्या पोटात काय चालतं ते बघू. आत अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाचा चिमुकला सेन्सर असतो. त्याला तुमचा पाय दिसत नाही, त्याला फक्त हालचाल कळते. हाताच्या झोक्यात ठरावीक लय सापडली की तो एक पाऊल धरतो. त्यामुळे गंमत होते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून बाइकवर गेलात तर काही पावलं फुकटात जमा होऊ शकतात. उलट सायकलवर दहा किलोमीटर घाम गाळलात, तर पावलांच्या खात्यात जवळपास शून्य. दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलत चाललात तरी मोजणी कमी भरते.

तुमचा बँड किती खरा, हे घरीच तपासता येतं. आकडा बघून ठेवा, मनातल्या मनात मोजत १०० पावलं चाला, पुन्हा बघा. एकदा नेहमीच्या वेगाने आणि एकदा रमतगमत, असं करा. हळू चालताना चूक जास्त होते, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

कॅलरीचं मात्र जरा जपूनच. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितले. पण कॅलरीत त्यातल्या सर्वांत अचूक उपकरणाचीही चूक सरासरी २७ टक्के होती! तेव्हा ‘आज ४०० कॅलरी जाळल्या’ म्हणून कॅन्टीनमध्ये दुसरा वडापाव मागवण्याआधी थोडा विचार करा.

आणि नुसता बँड बांधल्याने वजन उतरतं का? अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या ४७१ तरुणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं. सहा महिन्यांनी एका गटाला बँड दिला, दुसऱ्याने आपल्या नोंदी स्वतः ठेवल्या. २०१६ मध्ये निकाल आला. बँडवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, बिनबँडवाल्यांचं ५.९ किलो!

मग बँड काढून फेकायचा? अजिबात नाही. २००७ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पावलं मोजणारी माणसं दिवसाला दोन हजारांहून जास्त पावलं वाढवताना दिसली. त्यातही ज्यांनी स्वतःसमोर काही लक्ष्य ठेवलं, त्यांचीच वाढ झाली. म्हणजे यंत्र आरसा दाखवतं, चालायचं आपणच.

तर एवढं करून बघा. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त मोजा. येईल ती सरासरी तुमची सुरुवात. तिच्यात हजार-दीड हजार वाढवा. एक स्टॉप आधी उतरा, लिफ्ट सोडा, फोनवर बोलताना चाला. ते अंगवळणी पडलं की पुढचे हजार. वेगही बघा. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की ते झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात हे चालणं धरता येतं. आणि आकडा कमी दिसला की दिवसभर जीव खात असेल, तर दोन दिवस बँड ड्रॉवरमध्ये ठेवा. त्याने काही बिघडत नाही.

शेवटचं एक. स्मार्टफोनमधल्या नोंदींवरून २०१७ मध्ये झालेल्या एका जागतिक अभ्यासात भारतीयांची सरासरी रोजची ४,२९७ पावलं निघाली, आणि बायकांची पुरुषांपेक्षा कमी. पण सुट्टीत घरी गेलात की आईचा फोन बघा. १,२०० पावलं दिसतील, कारण फोन दिवसभर फ्रीजवर आणि आई मात्र ओटा, गच्ची, बाजार, जिना अशी फिरत असते. फोनने मोजलं नाही म्हणजे ती चालली नाही, असं थोडंच आहे? एक दिवस तुमचा बँड तिच्या हाताला बांधा आणि रात्री दोघांचे आकडे शेजारी ठेवा. पोळ्या लाटताना पडलेली चार पावलं हवी तर वजा करा. तरी बहुतेक हराल!