कोणत्या ऋतूत काय वाचावे?

वाचनालाही ऋतू असतो असे म्हटले तर काहींना हसू येईल. पुस्तक जूनमध्ये उघडले काय आणि जानेवारीत उघडले काय, अक्षरे तीच. पण गगनबावड्याच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस आपल्याकडे पडतो. करूळ आणि भुईबावडा घाटांतून धुके वर चढले की भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो, आणि तोही लाईट असेल तर! अशा दिवसांत माणूस जे वाचतो ते सावकाश वाचतो, कारण घाई करून जायचे कुठे?

भगवान बुद्धांच्या भिक्खू संघाने पावसाचे हे वेगळेपण फार पूर्वी ओळखले होते. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव हिंडतात, त्यांच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा भिक्खूंनी तीन महिने एकाच ठिकाणी राहावे असा नियम झाला, असे विनयपिटकात सांगितले आहे. हाच वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील उपासकांनी या तीन महिन्यांना ग्रंथवाचनाची जोड दिली. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत १९५७ साली, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, आणि पुढे मराठीत आला. ग्रंथाचे आठ खंड आहेत आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत. त्यामुळे काल कुठे थांबलो हे सांगणे सोपे जाते, एखाद्या दिवशी वाचणारा बदलला तरी अडत नाही.

आपल्या भागात आषाढ पौर्णिमा ऐन भातलावणीत येते. पहिले काही दिवस विहारात गर्दी कमीच असते. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायामाणसांचा रात्री बसल्या बसल्या डोळा लागतो, त्यांना दोष कोण देणार? लावणी उरकली की मग बैठक भरू लागते. वाचायला बहुधा आठवी-नववीतील एखादी मुलगी असते, आणि समोर ज्यांना अक्षरओळख नाही अशा आज्या. मध्येच एखादी विचारते, “म्हंजे काय गं बाळ?” मुलीला थांबून ते वाक्य आपल्या बोलीत सांगावे लागते. आमच्या मते वर्षावासातील खरे शिक्षण इथे होते. समजले नसताना समजल्यासारखे दाखवायची सोय तिथे नाही.

पण आश्विन पौर्णिमा झाली की पुष्कळ घरांत ग्रंथ कापडात गुंडाळून वर ठेवला जातो, आणि उरलेले नऊ महिने गाईड आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्स यांखेरीज छापील कागद घरात दिसत नाही. आम्ही स्वतः बँकेत नोकरीला आहोत. परीक्षेचे महत्त्व आम्हांस कळत नाही असे कोणी समजू नये. परंतु गोष्टीचे पुस्तक हातात घेतलेल्या मुलाला “ह्यानं नोकरी लागणार हाय का?” असे विचारले जाते, तेव्हा वाईट वाटते. ज्यांना शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी वाचनाकडे निव्वळ शिडी म्हणून पाहावे हे समजण्यासारखे आहे. तरी आनंदासाठी वाचणे ही चैन नव्हे. केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र शाळकरी भीमरावांना भेट दिले, ते काही परीक्षेचे पुस्तक नव्हते! पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेही आपल्या ग्रंथांचा विचार करूनच.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, वर्षाची वाटणी करून पाहावी. मराठी वाचकाला हिवाळा तर जणू दिवाळी अंकांनीच नेमून दिलेला आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. सुगीच्या धावपळीत कथा, लेख अशी तुकड्यातुकड्यांनी वाचायची सामग्री बरी पडते. याच सुमारास नागपूरची दीक्षाभूमी आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमी येथे पुस्तकांची दुकाने लागतात. तिथे जाणाऱ्याने एखादे आत्मकथन जरूर आणावे: दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, किंवा उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या, सुपे. घाटाखालच्या कोकणातले हे जगणे आपल्याला परके वाटत नाही.

परीक्षा संपून सुट्टी लागली की मोठी, वेगवान कादंबरी घ्यावी. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) आंब्याच्या दिवसांत सुरू केली तर जेवायला हाका माराव्या लागतील. शाळा पुन्हा उघडताना आनंद यादवांचे ‘झोंबी’ (१९८७) वाचावे. शिक्षणासाठी झगडणारा तो मुलगा आपल्याच जिल्ह्यातील कागलचा आहे.

ऋतू आणि पुस्तक जुळलेच पाहिजे असेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातल्या धनगरवस्तीची कथा, शेवटी दुष्काळाने वस्ती पांगते. ती उन्हाळ्यात वाचावी असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, श्रावणात वाचा. पागोळ्यांचा आवाज चालू असताना पावसाची वाट पाहणारी माणसे भेटली की दोन्हीकडचे आभाळ कळते. याउलट दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) एका बैठकीत संपवू नये. महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचावा.

आता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या पावसात पुस्तकांना बुरशी आणि कसर फार लवकर लागते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, वारा खेळेल एवढी फट असावी. पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, आतला दमटपणा आतच राहतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालावा. आश्विन पौर्णिमेनंतर ग्रंथ कापडात गुंडाळण्याआधी घरातील सगळी पुस्तके एक दिवस सावलीत, वाऱ्यावर, पाने मोकळी करून उभी ठेवावीत. कडक उन्हात नव्हे, बांधणी उकलते. ती परत आत ठेवताना एखादे बाहेरच, चुलीजवळच्या फळीवर राहिले तरी चालेल. तिथे ते कोरडेही राहते आणि हाताशीही.