उभ्या गाडीचे टायर आणि घरचा हिशेब

मालाड स्टेशनहून मार्वे रोडने निघालेली २७१ नंबरची बस आक्सा, एरंगळ मागे टाकत मढच्या जेट्टीला येते. या वाटेवर शूटिंगचे बंगले पुष्कळ. त्यांच्या बाहेर रस्त्याच्या कडेला लांबलचक पांढऱ्या गाड्या रांगेने उभ्या दिसतात. बाहेरून बघावं तर नुसतं बंद खोकं, आत मात्र आरसे, सोफा, एसी, संडास-बाथरूम असा सगळा संसार. यांना व्हॅनिटी व्हॅन म्हणतात. हिंदी सिनेमात ही पद्धत अभिनेत्री पूनम धिल्लन यांनी आणली, असं सांगितलं जातं. यातल्या कितीतरी गाड्या मुळात बस म्हणून जन्माला आलेल्या असतात.

बसचा असा दुसरा जन्म फक्त सिनेमावाल्यांकडेच होतो असं नाही. पुण्यात २०१६ साली मोडीत निघालेल्या बसगाड्यांमधून स्त्रियांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं तयार झाली. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ या संस्थेने पुढे बसमध्येच वर्ग थाटला आणि शाळा मुलांच्या वस्तीपर्यंत नेली. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्या चालतात थोड्या आणि उभ्या राहतात फार.

आता तुम्ही म्हणाल, टायर-बियर हा पुरुषांचा विषय, तो आमच्या पानावर कशाला? पण मैत्रिणींनो, ज्या घरात अशी एखादी गाडी असते त्या घरात हिशेबाची वही बहुधा बाईच्याच हातात असते. आणि जिच्याकडे बस नाही, तिच्याकडे फक्त रविवारी बाहेर निघणारी मोटार किंवा अंगणात महिनोन्‌महिने टेकलेली स्कूटर असतेच. तिलाही पुढचं सगळं लागू आहे.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडे मिनी बसची केलेली मेकअप व्हॅन आहे. महिन्यातून दोन-चार वेळा ती मढहून गोरेगावला किंवा एखाद्या बंगल्यापर्यंत जाते. एरवी उभीच. पासिंगची वेळ आली, तेव्हा गॅरेजवाल्याने मागे-पुढे फिरून सांगितलं, “सगळे टायर बदला.” पुढचे दोन, मागचे जोडीजोडीने चार आणि स्टेपनी, म्हणजे एकूण सात! वहिनी म्हणाल्या, “अहो, नक्षी तर नव्यासारखी दिसतेय. झिजले नाहीत तर बदलायचे कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र गॅरेजवाल्याला नीट देता आलं नाही. “बाई, टायर म्हातारे झालेत,” एवढंच तो म्हणाला.

पण तो बोलला ते खरं होतं. कुकरची जादा रिंग डब्यात ठेवून द्यावी आणि चार वर्षांनी काढावी. एकदाही वापरलेली नसते, तरी ती कडक झालेली असते, ताणली की भेगा दिसतात. लग्नसमारंभासाठी जपून ठेवलेल्या चपलेचा तळ ऐन मांडवात भुगा होऊन गळतो, तेही त्यातलंच. रबर वापराने झिजतं आणि न वापरल्यानेही वाळतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन त्याला आतून-बाहेरून कडक करत जातात. टायर बनवताना रबरात एक प्रकारचं मेण घातलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते मेण पृष्ठभागावर येतं आणि टायरवर पातळ संरक्षक थर धरतं. गाडी उभी राहिली की ही क्रिया मंदावते. म्हणजे ज्या टायरला आपण विश्रांती देतोय असं समजतो, त्याचं अंगचं तेलच आटत असतं म्हणा ना!

मग टायरचं वय कळायचं कसं? ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांच्या रांगेच्या शेवटी चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. ‘१४२१’ असं असेल, तर २०२१ सालच्या चौदाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. चारच्या जागी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा, त्याला हातही लावू नये. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेली असेल तर बॅटरी घेऊन वाकून बघावं लागतं. मागच्या जोडचाकांत तर हमखास. वहिनींनी साडी खोचून, मुलाला बॅटरी धरायला लावून सातही टायरचे आकडे वहीत उतरवले. सगळ्यात म्हातारी निघाली ती स्टेपनी, जिच्याकडे सगळे “नवीकोरी आहे” म्हणून बोट दाखवत होते. गाडी विकत घेतली तेव्हापासून ती जागची हललीच नव्हती.

पाच वर्षं उलटली की जाणकाराकडून दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये, असं टायर कंपन्या सांगतात. हा काही गिऱ्हाईक वाढवायचा डाव नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुण मुलांच्या बसला सरे परगण्यात अपघात झाला. पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. त्या टायरची नक्षी कायद्यात बसणारी होती, पण टायर एकोणीस वर्षांचा होता. मेलेल्यांत मायकेल मॉलॉय हा अठरा वर्षांचा मुलगा होता. म्हणजे टायर त्याच्याहून वयाने मोठा! त्याची आई फ्रान्सिस मॉलॉय गप्प बसली नाही. तिने वर्षानुवर्षं सरकारच्या दारात खेटे घातले आणि शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी आली. आपल्याकडच्या नियमात मोठ्या गाड्यांना नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. उभ्या गाडीची नक्षी त्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून नुसत्या खोलीवर विसंबून चालत नाही.

आता पैशाकडे वळू या, कारण सात टायर म्हणजे खेळ नव्हे. वहिनींच्या यजमानांना एका दुकानदाराने जुन्या साठ्यातले टायर दाखवले. एकदाही न लावलेले, वर कागदाच्या पट्ट्या तशाच, किंमत पाऊणपट. वहिनींनी आकडे वाचले, तर माल चार वर्षांपूर्वीचा. इथे गंमत आहे. रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या प्रवासी बसला हा सौदा वाईट नाही. तिचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजून जाणार. पण आपल्या उभ्या गाडीचा टायर झिजून मरतच नाही, वयानेच मरतो. म्हणून तिच्यासाठी ताजी तारीख हीच खरी किंमत. उदाहरणापुरता हिशेब मांडते, शिकवणाऱ्या बाईची खोड आहे ती. नवा टायर १६,००० रुपयांना धरा आणि आठ वर्षं वापरायचं ठरवा. वर्षाला पडले २,००० रुपये. तोच चार वर्षांचा टायर १२,००० ला मिळाला, तर उरलेली वर्षं चारच. वर्षाला ३,००० पडले! स्वस्त कोणता, तुम्हीच सांगा.

याच न्यायाने, जास्तीत जास्त किलोमीटर देणारा म्हणून जो महागडा टायर दुकानदार पुढे करतो, त्याचेही जादा पैसे उभ्या गाडीवर वाया जातात. गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणार असेल, तर लाखभर किलोमीटरची नक्षी हवी कोणाला? साधा पण चांगल्या कंपनीचा, योग्य मापाचा, गाडीचं वजन पेलणारा आणि ताज्या तारखेचा टायर पुरे. वजनाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. बसमध्ये फर्निचर, पाण्याची टाकी, जनरेटर चढवला की तिचं मूळ वजन राहत नाही. वजनकाट्यावर भरलेली गाडी नेऊन पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्यावीत. हवा किती भरायची तेही त्यावरूनच ठरतं.

रिमोल्ड टायर घ्यावे का? एसटी महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत टायरवर नवी नक्षी चढवतं, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. पण नक्षी नवी असली तरी खालचा सांगाडा जुनाच असतो, आणि तारीख असते ती त्या सांगाड्याची. ती बघूनच घ्यावा, आणि मागच्या चाकांनाच लावावा. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, मागच्या जोडीतला फुटला तर निदान शेजारचा सावरतो. म्हणून वहिनींनी काय केलं, तर पुढे दोन कोरे टायर घेतले आणि चार-पाच वर्षांनी ते मागे सरकवून पुढे पुन्हा दोन नवे घ्यायचं ठरवलं. मागे तारखा बघून दोन बदलले, बाकी दोन जाणकाराला दाखवून ठेवले. खर्च एकदम अंगावर आला नाही. मागच्या जोडीत मात्र दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. एक उंच आणि एक बुटका असला की सगळा भार उंचावर पडतो.

खरी बचत पुढेच आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. मढच्या कोळी घरांना ती सांगायला नको. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, लाकडांवर टेकवतात आणि शाकारून ठेवतात. उभ्या बसलाही तेच पाहिजे. दोन-तीन महिने हलणार नसेल, तर मेकॅनिककडून अॅक्सलखाली भक्कम ठोकळे लावून चाकांवरचा भार काढून घ्यावा. हे काम घरच्या जॅकवर आणि विटांवर करायचं नाही, गाडी अंगावर येते. तेवढी तजवीज नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी गाडी थोडी पुढेमागे करावी, म्हणजे टायरची एकच बाजू दबून चपटी होत नाही. महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी झाली तर फारच छान. उभी करताना पाण्याची टाकी रिकामी करावी. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, दिवसरात्र त्या बिचाऱ्या टायरवर.

उन्हासाठी चाकांवर फिक्या रंगाचं जाड कापड किंवा ताडपत्रीचा तुकडा बांधावा, खाली लाकडी फळ्या घालाव्यात. टायर काळेभोर दिसावेत म्हणून कोणी रॉकेल, डिझेल किंवा चमकवायचं तेल चोळतात, ते अगदी करू नये. रबर त्याने फुगतं आणि कुजतं. साबणाचं पाणी आणि फडकं पुरे. मढच्या खाऱ्या वाऱ्याचा राग टायरपेक्षा लोखंडावर जास्त, तेव्हा रिमचा गंज घासून रंग द्यावा आणि व्हॉल्व्हच्या टोप्या हरवू देऊ नयेत.

हवा मात्र बाईने स्वतः बघायला शिकावी. उभ्या चाकातूनही हवा हळूहळू जाते, आणि जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून कळतसुद्धा नाही. दाब मोजायचं स्वतःचं मीटर घरात ठेवा, आणि गाडी निघायच्या आधी, चाक थंड असताना मोजा. कमी हवेवर गाडी हायवेला काढली की टायर तापतो, आणि तापलेला म्हातारा टायर फुटायला निमित्तच शोधत असतो. आमच्या वहिनी आता पहिल्या तारखेला दूधवाल्याचा हिशेब झाला की सात आकडे लिहितात.

राहता राहिले काढलेले टायर. ते भंगारवाल्याला देताना पंक्चरवाल्याकडून बाजूच्या भिंतीला कापून घ्यावेत, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या गाडीला लागत नाहीत. कोळीवाड्यात कोणी होडीच्या कडेला धक्क्यासाठी मागितले तर खुशाल द्या. पण परसात रचून ठेवू नका. पावसाचं पाणी साचलं की त्यात डेंग्यूचे डास होतात. ठेवायचाच असेल तर खालून चार भोकं पाडून घ्या, तीही जून उजाडायच्या आत.