तीन अमिनो आम्लांचा खेळ

बोट खोल कापलं की काही दिवसांत जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसू लागतं. तो लालपणा नव्या केशवाहिन्यांचा. त्या उगवाव्यात म्हणून सांगावा धाडणाऱ्यांत प्रतिकारशक्तीची प्रथिनंही असतात. त्यांतलं इंटरल्युकिन-८ पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींनाही वाढायला लावतं. याच कुळातलं आयपी-१० मात्र नेमकं उलटं वागतं, वाढ थोपवतं.

फरक कुठे? इंटरल्युकिन-८च्या सुरुवातीजवळ ग्लुटामिक आम्ल, ल्युसीन आणि आर्जिनीन असं त्रिकूट आहे. आयपी-१०मध्ये ते नाही. १९९५मध्ये संशोधकांनी हे त्रिकूट बदलून पाहिलं, तर वाहिन्या वाढवणारं प्रथिनच त्यांची वाढ रोखू लागलं! मला तरी हा प्रयोग या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

कर्करोगाच्या अनेक गाठी इंटरल्युकिन-८ स्रवून रक्तपुरवठा स्वतःकडे ओढतात. उलट इंटरफेरॉन-अल्फा हे प्रतिकारशक्तीचं आणखी एक प्रथिन वाहिन्या रोखतं, म्हणून १९९०च्या दशकात तान्ह्या बाळांच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर ते वापरलं गेलं. पण त्याने काही बाळांचे पाय ताठरले आणि ते मागे पडलं. आता तिथे प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध देतात.