विश्लेषण : गाळातले दूषित पाणी विहिरीपर्यंत कसे रोखतात?

धातूचे खनिज धुऊन उरलेला गाळ साठवणारी तळी गोव्यात आहेत, कर्जत-खालापुरात नाहीत. मात्र खोपोली आणि पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यांत सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावर गाळ उरतोच. खाणीचा गाळ असो, वीज केंद्राची राख असो वा कारखान्याचा घातक गाळ, तिन्हींचा प्रश्न एकच : त्यातले पाणी जमिनीत मुरू द्यायचे नाही.

हा गाळ जातो कुठे?

घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार कारखान्यांना तो उघड्यावर टाकता येत नाही. अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. रायगड जिल्ह्यासाठी असे केंद्र तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. तेथे अस्तर घातलेल्या खड्ड्यांत कचरा कायमचा पुरला जातो.

अस्तर म्हणजे नेमके काय?

खाली दाबून बसवलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लास्टिक आणि वर खडी व नळ्यांचा निचरा थर. प्लास्टिकला जोडावर किंवा टोकदार दगडाने भोक पडू शकते, म्हणून त्याला मातीचा आधार. मातीतून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा वेगाने मुरू नये, असा निकष असतो. म्हणजे वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर.

मग पाणी पूर्ण थांबते का?

नाही. प्लास्टिक बाजूला ठेवून फक्त एक मीटर जाडीच्या मातीचा हिशेब केला, तर वर ३० सेंटिमीटर पाणी साचलेले असताना हेक्टरी वर्षाला सुमारे ४ लाख लिटर पाणी खाली जाईल. तेच पाणी तीन मीटर साचले तर १२ लाख लिटरहून अधिक. माती तीच, गळती तिप्पट. म्हणूनच अस्तराइतकेच महत्त्व वर साचलेले पाणी सतत उपसून प्रक्रियेला पाठवण्याला आहे.

खाणीच्या तळ्यात वेगळे काय?

तेथे गाळ पाण्यासकट येतो, त्यामुळे पाणी कायम असते. ते बांधापासून लांब ठेवतात, बांधाच्या पोटात वाळूचा निचरा थर देतात आणि पायथ्याशी चर खोदून झिरपलेले पाणी पुन्हा तळ्यात सोडतात. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी दिसणे अपेक्षित असते. ते गढूळ झाले तर बांधाची माती आतून वाहते आहे, असे समजावे. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे जानेवारी २०१९ मध्ये खाणीच्या गाळाचा बांध कोसळून २७० जणांचा बळी गेला. निचरा अपुरा असल्याने तो बांध आतून ओलाच राहिला होता.

कोकणात अडचण कोणती?

पाऊस. कर्जत-खालापूर परिसरात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याआधी खड्डा झाकला नाही तर तो तळे होतो. त्यातच वर मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा कातळ. भेगेत शिरलेले पाणी कोणत्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही. चोरून माळावर किंवा ओढ्याकाठी ओतलेल्या गाळाला तर अस्तरही नसते आणि निचराही नसतो.

गावकऱ्यांनी काय पाहावे?

अधिकृत केंद्राभोवती चढाच्या आणि उताराच्या अशा दोन्ही बाजूंना निरीक्षण विहिरी असाव्या लागतात. दोन्हीकडच्या पाण्याची तुलना हाच खरा पुरावा. विरघळलेले क्षार सहसा जड धातूंच्या आधी पोहोचतात. त्यामुळे उताराकडच्या विहिरीत क्षार वर्षागणिक वाढत असतील, तर पाण्याचा रंग बदलण्याची वाट न पाहता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. तुलनेसाठी आपल्या विहिरीचा आजचा अहवाल हाती हवा. दूषित झाल्यावर केलेली पहिली तपासणी आधीचे पाणी कसे होते, हे सांगू शकत नाही.