‘ढ’ कोणाला म्हणावयाचे?

ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत ‘ढ’ या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही. म्हणूनच ज्याच्यात सुधारणा संभवत नाही अशा विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची रीत पडली, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, अक्षरे लावताना ज्याची दमछाक होते त्याच्या कपाळी एक अक्षरच चिकटवून मोकळे व्हावे, यातील निर्दयपणा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तोंडी प्रश्नांना तडफेने उत्तरे देणारा एखादा मुलगा धडा वाचावयास उभा राहिला की अडखळतो, ओळ गाळतो, पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो. शिक्षक त्याला आळशी ठरवितात, पालक हट्टी. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. हा पर्सी स्वतःचे नावदेखील ‘प्रेसी’ असे लिही. आकडे मात्र सहज वाची. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, हे त्याच्या शिक्षकाचे मतही मॉर्गन यांनी नोंदविले आहे.

त्या काळी याला ‘शब्दांधत्व’ म्हणत. पुढील संशोधनाने ही समजूत बदलली. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा विकार नव्हे आणि बुद्धीचा तर नव्हेच. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे, ही इतर मुलांना नकळत साधणारी क्रिया या मुलांना कष्टाने साधावी लागते. पुष्कळदा हा वारसा घराण्यातूनच आलेला असतो. मुलाला रागावणाऱ्या वडिलांनी आपले बालपण आठवून पाहावे.

मराठी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, तेव्हा येथे ही अडचण कशी येणार, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ‘किती’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची, ‘धर्म’मधील ‘र’ आधी उच्चारावयाचा, पण बसतो ‘म’च्या डोक्यावर, हाच ‘र’ ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्या’त आणखी निराळी रूपे घेतो. मराठी मुलाचे वाचन म्हणूनच अशुद्ध असण्यापेक्षा विलक्षण संथ असते, आणि संथपणा हा दोष न वाटता स्वभाव वाटतो. तेच मूल इंग्रजी शाळेत घातले की तेथील बेभरवशाच्या स्पेलिंगांपुढे त्याची त्रेधा उडते. आणि मग दोष भाषेच्या अपरिचयाचा की वाचनाचा, हे उकलणे दुरापास्त होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळतात, हे योग्यच आहे. परंतु सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी धावपळ करणाऱ्या पालकांना, दुसरी-तिसरीतच हे का ओळखले गेले नाही, असे विचारण्यात अर्थ नाही. तो प्रश्न शिक्षण खात्याला विचारावयास हवा. पाचवी व आठवीत पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्याने २०२३ मध्ये केली. जे मूल एका पद्धतीने वाचावयास शिकले नाही, त्याला तीच पद्धत आणखी वर्षभर भोगावयास लावून काय साधणार?

उपाय गूढ नाहीत. ध्वनी आणि अक्षर यांची ओळख क्रमाने, सावकाश, पुनःपुन्हा करून द्यावी. अक्षर बोटाने गिरवीत तोंडाने म्हणवून घ्यावे. भर वर्गात मोठ्याने वाचावयास लावू नये. भूगोल किती येतो हे तोंडी विचारून पाहावे. निदानाची साधनेही आता मराठीत आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबरच मराठीसाठीही चाचण्या तयार केल्या असून, वर्गशिक्षकाला वापरता येईल अशी प्राथमिक तपासणीची साधने त्यांत आहेत. आपल्या गावच्या शाळेतील गुरुजींनी त्यांचे नाव तरी ऐकले आहे काय, याची चौकशी वाचकांनी एकदा करून पाहावी.